मावळातील घोडा आणि त्याचा विश्वास

मावळ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो डोंगर चढणारा पायदळाचा शिपाई. आणि ते यथार्थही आहे, कारण राजमाची, तुंग, तिकोना यांच्या कड्यांवर घोडेस्वाराचे फारसे प्रयोजन नव्हते. तथापि लोहगड-विसापूरच्या पायथ्याने बोरघाटाकडे जाणारी वाट घोड्यांच्या टापांनीही तितकीच तुडवलेली आहे, आणि भीमेच्या खोऱ्यात निपजणारे बुटके, काटक भीमथडी तट्टू हे तिच्यावरचे नित्याचे प्रवासी होते. एका बाजूस दरी आणि दुसऱ्या बाजूस कातळ अशा निसरड्या चढणीवर बुजलेले जनावर स्वतःबरोबर स्वारालाही खाली नेते. म्हणून त्याला न बिचकवता शिकविणे ही येथे प्रथम गरज होती, दया मागाहून आली.

मराठ्यांच्या पागेचा बंदोबस्त पाहता ही गरज सरकारातही जाणली होती असे दिसते. सभासदाच्या बखरीनुसार दर पंचवीस घोड्यांमागे पाणी पुरविणारा एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पावसाळ्यात लष्कर छावणीस येई आणि दसऱ्यानंतर पुन्हा मुलुखगिरीस निघे. राज्याभिषेकाच्या आसपास चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना व हवालदारांना धाडलेल्या शिवाजी महाराजांच्या पत्रात तर दाणा व वैरण आताच उधळली तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होईल, अशी स्पष्ट ताकीद आहे. बारगीराचा घोडा सरकारी होता, शिलेदाराचा स्वतःचा. परंतु चंदी, खरारा आणि घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचा रोजचा सहवास यांवाचून दोघांचेही चालत नसे.

म्हणून पागेत सारे प्रेमाचेच राज्य होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. चाबूकस्वार होता, आगाडी-पिछाडीचे दोर होते आणि तोंड रक्तबंबाळ करणारे काटेरी लगामही होते. ज्या घोडदळाच्या जोरावर जानेवारी 1779 मध्ये मुंबईहून घाट चढून आलेल्या इंग्रजी फौजेला रसदेवाचून हैराण करून वडगावास तह करणे भाग पाडले गेले, त्याच्या कीर्तीत या क्रौर्याचाही वाटा आहे, हे आपल्या इतिहासलेखकांनी फारसे सांगितले नाही.

मानसशास्त्राने पुढे जे दाखविले ते अनुभवी मोतद्दाराला बहुधा हाताने ठाऊक असावे. 1907 मध्ये बर्लिनच्या ऑस्कर फुंग्स्टने सिद्ध केले की गणित सोडविणारा म्हणून गाजलेला हान्स नावाचा घोडा गणित मुळीच जाणत नव्हता. विचारणाऱ्याच्या मान-खांद्यांची त्याला स्वतःलाही न जाणवणारी हालचाल पाहून तो टाप थांबवी. घोडा हे शिकार होणारे, म्हणून सदैव सावध असलेले जनावर आहे. डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते, आणि आपल्या अंगातील भीती वा राग त्याला शब्दांपूर्वीच कळतो. सौम्य शिक्षणाची युक्ती याच स्वभावावर उभी आहे: लगामाचा किंवा टाचेचा हलका दाब द्यावा आणि घोड्याने किंचित मान तुकविली की तत्क्षणी तो सोडावा, कारण घोडा शिकतो ते त्या मोकळिकीतून. दाब कायम ठेवणारा स्वार अडेल घोडा निर्माण करतो आणि मग खापर त्याच्याच जातीवर फोडतो.

1830 मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला. पुण्याकडून लोहमार्ग 1858 मध्ये खंडाळ्यापर्यंत आला, तरी घाटातली चढण 1863 पर्यंत पालखी, गाडी आणि तट्टू यांच्याच भरवशावर होती; आगगाडीने ती घेतली तेव्हा या तट्टांचे महत्त्वही ओसरले. पेशवाईनंतर मागे पडलेल्या भीमथडी जातीची स्वतंत्र नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने केली ती अगदी अलीकडे.

लोणावळ्यास सहलीला जाणाऱ्या वाचकाने भाड्याच्या घोड्यावर मूल बसविण्यापूर्वी घटकाभर त्या जनावराकडे पाहावे: कान मागे दाबलेले आहेत काय, तोंडाला जखम आहे काय, खोगिराखाली पाठ सोललेली आहे काय. तसे असेल तर मालकाला नम्रपणे नकार द्यावा आणि कारणही सांगावे.