पोटातले जिवाणू आणि श्वसनाचे आजार: शोधनिबंध वाढले, पण पुरावा वाढला का?

सर्दी-खोकल्याची साथ आली की मोबाइलवर मेसेज फिरू लागतात. 'दही खा, फ्लू टळेल', 'कोरोनाचा इलाज आतड्यात'. खाली हमखास एक ओळ असते: 'शेकडो संशोधनांतून सिद्ध'. या विषयावर संशोधनाचा पूर आला, हे खरं आहे. 'सिद्ध' हा शब्द मात्र तपासून घ्यायला हवा.

आतड्याचा फुप्फुसाशी काय संबंध?

डाळी, भाज्या, ज्वारी यांतला जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू वापरतात. त्यातून तयार होणारी काही आम्लं रक्तात जातात आणि रोगप्रतिकारक पेशींच्या कामावर परिणाम करतात. शास्त्रज्ञ याला 'गट-लंग अ‍ॅक्सिस' म्हणतात. अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांचा फ्लूच्या विषाणूविरुद्धचा प्रतिकार दुबळा पडतो, असं येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं.

शोधनिबंध कधी वाढले?

२००७ मध्ये अमेरिकेत 'ह्युमन मायक्रोबायोम प्रोजेक्ट' सुरू झाला. डीएनए वाचणंही स्वस्त होत गेलं आणि जिवाणूंवरचं संशोधन वाढलं. श्वसनरोगांशी त्याची सांगड घालणाऱ्या निबंधांना खरा जोर आला तो २०२० नंतर, कोरोनामुळे.

हाँगकाँगमधला २०२१ चा अभ्यास त्यातलाच. १०० कोरोनारुग्णांमध्ये काही उपयुक्त जिवाणू कमी आढळले. पण नमुने संसर्ग झाल्यानंतरचे होते. जिवाणू घटल्यामुळे आजार बळावला की आजारामुळे जिवाणू घटले, हे अशा अभ्यासातून ठरत नाही.

संख्या म्हणजे पुरावा का नाही?

निबंधांची संख्या संशोधकांचं कुतूहल आणि मिळणारा निधी दाखवते. त्यातले बरेच 'रिव्ह्यू' असतात, म्हणजे आधीच्याच अभ्यासांचा आढावा. एकाच अभ्यासाचा उल्लेख पन्नास ठिकाणी आला म्हणून तो पन्नास अभ्यास होत नाही.

पुरावा मिळतो तुलनेतून. नागपूरच्या 'नीरी' संस्थेचं उदाहरण घ्या. विषय वेगळा, पण कसोटी तीच. कोरोना चाचणीसाठी नाका-घशातल्या स्वॅबऐवजी मिठाच्या पाण्याच्या गुळणीचा नमुना घेण्याची पद्धत तिथे विकसित झाली. मे २०२१ मध्ये तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. अशा पद्धतीबाबत प्रश्न एकच असतो: गुळणीतून स्वॅबइतकाच भरवशाचा निकाल मिळतो का?

माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात?

ओडिशात ४,५५६ नवजात बाळांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. काही बाळांना उपयुक्त जिवाणू आणि त्यांचं खाद्य दिलं, काहींना दिलं नाही. पहिल्या गटात जंतुसंसर्ग (सेप्सिस) आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी कमी झाले. श्वसनमार्गाचे संसर्गही घटले. पण हा निष्कर्ष बाळांचा आणि एका ठरावीक जिवाणूचा आहे. मोठ्यांना किंवा बाजारातल्या कुठल्याही डब्याला तो लागू होत नाही.

२०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात २३ चाचण्यांमधल्या ६,९५० जणांची माहिती एकत्र तपासली. प्रोबायोटिकमुळे सर्दी-घशाचे संसर्ग काहीसे कमी होऊ शकतात, असं दिसलं. मात्र पुराव्याचा दर्जा फारसा भक्कम नव्हता.

भारतीयांचं पोट वेगळं आहे का?

बऱ्याच अंशी हो. भारतीयांच्या आतड्यात 'प्रीव्होटेला' आणि 'मेगास्फेरा' हे जिवाणू तुलनेने जास्त असतात, असं पुण्यातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलं. त्यामुळे परदेशातला निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू पडेल, असं धरून चालता येत नाही.

असा मेसेज आला तर काय पाहाल?

- अभ्यास उंदरांवरचा की माणसांवरचा?
- तुलनेसाठी दुसरा गट होता का?
- नेमका कुठला जिवाणू, किती दिवस दिला?
- मेसेज पाठवणारा काही विकतोय का?

'पबमेड' या मोफत संकेतस्थळावर विषय टाकला की वर्षागणिक निबंधांचा आलेख दिसतो. 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' हा पर्याय निवडा. उंच स्तंभ एकदम बुटके होतात. पुरावा शोधायचा तो त्या बुटक्या स्तंभांत.

दही, डाळ, भाकरी जरूर खा. पण ते लशीला पर्याय नाहीत. आणि सर्दीसाठी मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. ते विषाणूवर चालत नाही, पोटातले उपयोगी जिवाणू मात्र मारतं.