माजलगावचे अवर्षण आणि दूरचा सागर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मराठवाड्यातील दुष्काळांचा विचार इतिहासलेखनात प्रामुख्याने महसूल, सावकारी व स्थलांतर या अंगांनी झालेला आहे. तो आवश्यकच आहे. परंतु मुळात पाऊस का पडला नाही, हा प्रश्न इतिहासाचे अभ्यासक बहुधा भूगोल विभागाकडे सोपवून मोकळे होतात. प्रस्तुत लेखात माजलगाव परिसर समोर ठेवून त्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास पाहावयाचा आहे.

एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. सागरावरून येणारे नैर्ऋत्य वारे पाण्याबरोबर ही सुप्त उष्णताही वाहून आणतात. सह्याद्री चढताना वाफेचे पाणी होते, उष्णता मोकळी होते आणि घाटमाथ्यावर पर्जन्य होते. पूर्वेकडे उतरणारी हवा अधिक उष्ण व कोरडी असते. माजलगाव या पर्जन्यछायेत आहे. त्यामुळे बंगालच्या उपसागरातून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर येथील खरिपाची बरीच भिस्त असते.

हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली आणि लगेच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाचा व पावसाचा संबंध जोडून १८८६ पासून हंगामी अंदाज देण्यास आरंभ केला. त्यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचे भाकीत केले. प्रत्यक्षात दुष्काळ पडला. १९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर गणिती होते. प्रशांत महासागरावरील वायुदाब वाढला की हिंदी महासागरावरील घटतो, हे त्यांनी आकडेमोडीतून दाखविले व त्यास 'सदर्न ऑसिलेशन' हे नाव दिले. कारण मात्र त्यांना सांगता आले नाही. ते १९६९ मध्ये याकोब बियर्कनेस यांनी प्रशांत महासागराच्या तापमानाशी, म्हणजे एल निनोशी, जोडले.

१८७७, १८९९ व १९७२ ही तिन्ही एल निनोची वर्षे होत. तथापि येथे सावधगिरी हवी. १९९७ साली एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराची अनुकूल स्थिती त्यास कारण मानली जाते. शिवाय अवर्षण म्हणजे उपासमार नव्हे. १८७७ मध्ये हिंदुस्थानातून गव्हाची निर्यात चालूच होती, तर १९७२ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर लक्षावधी लोक राबले. सागराला दोष देऊन शासनाला मोकळे सोडणारा इतिहास प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

सिंदफणेवरील माजलगाव धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. त्यास पैठणच्या उजव्या कालव्याने गोदावरीचे, म्हणजे पर्यायाने नाशिककडील घाटमाथ्याचे पाणी मिळते. वाऱ्याने डोंगरावर टाकलेले पाणी माणसाने कालव्याने पर्जन्यछायेत आणले, असेच म्हणावे लागेल. पण घाटमाथ्यास व सिंदफणेच्या खोऱ्यास पाणी देणारा मान्सून एकच आहे. तो क्षीण झाला की दोन्ही स्रोत एकदमच आटण्याची भीती असते. २०१५ च्या एल निनोनंतर, एप्रिल २०१६ मध्ये, शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.