वार्धक्यातील प्रतिकारशक्ती आणि यकृत

वाढत्या वयात शरीराची प्रतिकारयंत्रणा दुबळी आणि असंतुलित होते. त्यामुळे यकृताला झालेली इजा अधिक गंभीर ठरते व सावकाश भरून येते. निरोगी वृद्धाच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे बहुधा नेहमीसारखेच येतात. घटलेली असते ती राखीव क्षमता, आणि आजार, औषध किंवा दारूचा ताण पडल्यावरच ही घट उघड होते.

प्रतिकारयंत्रणेतील बदल : छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत टी पेशी तयार होतात. वयात आल्यानंतर ही ग्रंथी आक्रसत जाते व तिची जागा चरबी घेते. परिणामी नव्या जंतूंना ओळखू शकणाऱ्या ताज्या टी पेशी कमी होतात आणि जुन्या संसर्गांची स्मृती बाळगणाऱ्या पेशींचे प्रमाण वाढते. दुसरीकडे, संसर्ग नसतानाही शरीरात मंद दाह चालू राहतो. रक्तात इंटरल्यूकिन-6 सारखी दाहकारक द्रव्ये वाढलेली आढळतात. क्लॉडिओ फ्रांचेस्की या इटालियन प्रतिकारशास्त्रज्ञाने 2000 मध्ये या अवस्थेला ‘इन्फ्लमेजिंग’ असे नाव दिले.

यकृतातील बदल : यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येते. त्यातील जिवाणू व त्यांची विषे टिपण्याचे काम यकृतातील कुप्फर पेशी करतात. उतारवयात यकृताचे आकारमान सुमारे 20 ते 40 टक्क्यांनी घटते आणि रक्तपुरवठाही एक-तृतीयांश किंवा त्याहून अधिक कमी होतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील छिद्रे कमी झाल्याने रक्त व यकृतपेशी यांच्यातील देवाणघेवाण मंदावते. विभाजन थांबलेल्या जीर्ण पेशी हटवण्याचे कामही प्रतिकारपेशींचेच असते. ते रेंगाळले की अशा पेशी साचून दाहाला खतपाणी घालतात.

विषाणुजन्य कावीळ : हेपॅटायटिस ए लहान मुलांमध्ये बहुधा लक्षणांविना येऊन जातो, पन्नाशीनंतर मात्र त्यामुळे यकृत निकामी होण्याचा धोका वाढतो. हेपॅटायटिस सी चा संसर्ग चाळिशीनंतर झाल्यास यकृतातील तंतुमयता अधिक वेगाने वाढते. हेपॅटायटिस बी च्या लसीला मिळणारा प्रतिसादही चाळिशीनंतर कमी होत जातो.

औषधे व दारू : वयाबरोबर औषधामुळे यकृताला इजा होण्याचा धोका वाढू शकतो; क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे याचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकेतील पाहणीत या औषधामुळे यकृतदाह होण्याचे प्रमाण 20 ते 34 वयोगटात हजारी 3, 35 ते 49 मध्ये 12 आणि 50 ते 64 मध्ये 23 आढळले. पासष्टीपुढील गटात मात्र ते 8 होते. रोज दारू पिणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. म्हणजे वय हा एकमेव घटक नाही. प्रत्येक औषधाची तऱ्हाही सारखी नसते : अपस्मारावरील व्हॅल्प्रोएटमुळे होणारी यकृताची गंभीर इजा दोन वर्षांखालील बालकांत अधिक दिसते. वृद्धांच्या बाबतीत एकाच वेळी चालू असलेली अनेक औषधे ही मोठी अडचण ठरते. शरीरातील पाण्याचा अंश घटल्याने तेवढ्याच दारूने रक्तातील मद्यार्काचे प्रमाणही अधिक चढते.

पुनर्जनन : यकृत पुन्हा वाढू शकते; उतारवयात ही वाढ मंदावते, पण थांबत नाही. 2005 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी वृद्ध व तरुण उंदरांचे रक्ताभिसरण जोडले, तेव्हा वृद्ध उंदरांच्या यकृतपेशींचे विभाजन वाढले. वार्धक्याची मंदता केवळ पेशींत नसून त्यांच्या भोवतालच्या रक्तातही असते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

काळजी : चालू असलेली सर्व औषधे, काढे व चूर्णे डॉक्टरांना एकत्र दाखवणे, दारू टाळणे, वजन व मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि सल्ल्यानुसार लस घेणे हे उपाय महत्त्वाचे आहेत. क्षयरोगाचे उपचार घेणाऱ्या वृद्धाची भूक गेली, मळमळ सुरू झाली किंवा लघवी गडद होऊ लागली, तर ‘वयामुळे होतंय’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. औषध वेळीच थांबवले, तर अशी इजा बहुतेकदा भरून येते.