घंगाळातली अंगठी

चऱ्होलीच्या लॉन्सवर आज तीन मजली केक आलाय. त्याच्या बुडातून रेशमी फिती लोंबतायत आणि नवरीच्या मैत्रिणी एकेक फीत धरून उभ्या आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ही इंग्रजी रीत, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सला आजही टिकून आहे. फितीच्या टोकाला चांदीची बारकीशी वस्तू बांधलेली असते. अंगठी निघाली तर पुढचं लग्न तुझं, शिवणाचं अंगुस्तान निघालं तर तू बिनलग्नाची राहणार.

तू फीत ओढतेस. चांदी हाताला लागायच्या आतच डीजे बंद पडतो आणि सनई ऐकू येते.

साल 1958, वैशाख. चऱ्होली अजून खेडंच आहे. महापालिकेत जायला 1997 उजाडायचंय. इंद्रायणीकडून गार वारा येतोय, मांडवावर आंब्याच्या डहाळ्या आहेत. पहिली अक्षत वाघेश्वराला ठेवून झाली, त्यालाही महिना उलटला. तू आठ वर्षांची आहेस, नव्या परकराची खळ अजून पायाला टोचतेय. काल तू करवली होतीस. मंगलाष्टकं संपेपर्यंत नारळ ठेवलेला कऱ्हा धरून ताईच्या मागे उभी होतीस. हात भरून आले, पण कऱ्हा खाली टेकवला नाहीस. शेवटी त्यातलं पाणी दोघांच्या डोळ्यांना लावलंस, तेव्हा कुठे सुटका झाली. इथे करवलीला स्वतःचं नशीब काढायचं नसतं, ताईचं सांभाळायचं असतं. मला ही जबाबदारी केकमधल्या अंगठीहून मोठी वाटते.

आज हळद फेडायची. मनगटावरचं हळकुंडाचं कांकण एका हाताने सोडवताना ताईच्या कपाळावर घाम आला. आता तांब्याचं घंगाळ मधे आलंय. पाणी हळदीने इतकं गढूळ, की तळ दिसत नाही. आजी त्यात अंगठी टाकते, वर मूठभर सुपाऱ्या आणि चिल्लर, चकवायला.

"हां, घाला हात! पाच डाव!"

दाजी पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्यात कामाला आहेत. 1954 साली उभा राहिलेला तो कारखाना तू अजून पाहिला नाहीस, पण त्यांची नखं बघतेस. गावात कुणाची इतकी स्वच्छ नसतात. ताईने त्यांच्याकडे नीट मान वर करून पाहिलेलंही नाही. बोलणं तर दूरच.

दोन डाव त्यांचे, दोन ताईचे. बायका ओरडतायत, वरपक्षाच्या करवल्या चिडवतायत. पाचव्या डावाला तू घंगाळाच्या काठाशी नाक नेऊन बसलीस, म्हणून फक्त तुलाच दिसतं. दाजींचे हात थांबतात. अंगठी त्यांना सापडलीय. पिवळ्या पाण्यात त्यांची मूठ हळूच सरकते, ताईचा तळवा शोधते आणि उघडते. ताईची बोटं क्षणभर तिथेच राहतात. बाहेरच्या शंभर डोळ्यांना त्यातलं काहीच कळत नाही.

ताई हात वर काढते. कोपरापर्यंत हळद, चिमटीत अंगठी.

"नवरीची जीत!" आजी टाळी वाजवते. "घरात हिचंच चालणार बघा."

दाजी हरल्यासारखी मान खाली घालतात. खाली घातल्यावर त्यांना तुझे डोळे दिसतात, घंगाळाच्या काठावरून टक लावलेले. संध्याकाळी बैलगाडीत पाठराखीण म्हणून तूच ताईशेजारी बसणार आहेस. तू तोंडावर बोट ठेवतेस.