पित्याचे ग्रंथप्रेम आणि ‘गीतारहस्य’

पुण्याच्या नारायण पेठेतील गायकवाडवाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ साली विकत घेतला. तेथे राहत असताना, १९१५ च्या जून महिन्यात, त्यांनी ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध केले. या ग्रंथाचा जन्म मंडालेच्या तुरुंगात झाला, असे सामान्यतः समजले जाते, आणि लेखनापुरते ते खरेही आहे. परंतु त्याचे बीज त्रेचाळीस वर्षांपूर्वीच एका आजारी पित्याच्या अंथरुणापाशी पडले होते.

टिळकांचे वडील गंगाधरपंत हे मूळचे रत्नागिरीचे शिक्षक. १८६६ साली शाळाखात्यातील बढतीवर ते पुण्यास आले. पगार बेताचा, पण संस्कृत, गणित व व्याकरण यांचा व्यासंग दांडगा. त्रिकोणमिती व व्याकरण या विषयांवर त्यांनी शालोपयोगी पुस्तकेही लिहिली होती. मुलाने बाणभट्टाची ‘कादंबरी’ मागितली, तेव्हा त्यांनी एक अवघड गणित घातले व ते सोडविल्यास पुस्तक देण्याचे कबूल केले, अशी आठवण सांगतात. ग्रंथ हा बुद्धीने मिळवावयाचा असतो, हा धडा त्या घरात असा न बोलता शिकविला जाई.

१८७२ साली गंगाधरपंत शेवटच्या दुखण्याने अंथरुणास खिळले. त्या वेळी गीतेवरील ‘भाषाविवृति’ नावाची प्राकृत टीका त्यांना वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या मुलाकडे आले. ही हकीकत टिळकांनीच ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेत नमूद केली आहे. पुढे गीतेचे वाचन वाढले, तशी एक शंका त्यांच्या मनात घर करून बसली. अर्जुनास युद्धास प्रवृत्त करण्यासाठी सांगितलेल्या गीतेत ज्ञानाने किंवा भक्तीने मोक्ष कसा मिळवावा, याचेच विवेचन कशासाठी? त्याच वर्षी ३१ ऑगस्ट रोजी गंगाधरपंत निवर्तले. शंका विचारावी, असा पिता आता उरला नव्हता.

टीका व भाष्ये पुष्कळ वाचूनही समाधान होईना, तेव्हा टिळकांनी ती सर्व बाजूस ठेवून मूळ गीतेचीच स्वतंत्र पारायणे केली. मंडाले येथे पुण्याहून मागविलेल्या ग्रंथांच्या साहाय्याने, १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत त्यांनी शिसपेन्सिलीने आपले उत्तर लिहून काढले: गीता संन्यास नव्हे, तर ज्ञानमूलक व भक्तिप्रधान कर्मयोग सांगते. शंकराचार्यांसारख्या पूज्य भाष्यकाराशी येथे त्यांचा स्पष्ट मतभेद झाला.

पित्याच्या ग्रंथप्रेमाचे फळ ते हेच. मुलाने वडिलांच्या पोथीतील मत वारशाने घेतले नाही. घेतली ती पोथीस प्रश्न विचारण्याची सवय, आणि उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न न सोडण्याची चिकाटी.