थायलंडमधील बसवाहतूक आणि शासकीय मक्ता
बँकॉकमधील बसवाहतूक खाजगी उद्योगातून उदयास आली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी नाय लेर्त या व्यापाऱ्याने सुरू केलेल्या पांढऱ्या गाड्या सुमारे सात दशके धावल्या. स्पर्धक कंपन्या वीसच्या वर गेल्या. १९७६ मध्ये त्या एकत्र करून शासनाने नगर परिवहन प्राधिकरण स्थापिले.

प्रांतिक मार्गांची कथा निराळी आहे. १९३० सालची परिवहन कंपनी (मूळची ही विमानकंपनी, हे विशेष!) आंतरप्रांतीय मार्गांची सूत्रधार झाली, परंतु पुष्कळशा गाड्या खाजगी मालकांच्याच राहिल्या. मालक कंपनीस शुल्क देई व तिच्या मार्गावर गाडी चालवी. या गाड्यांस ‘रोत रुआम’, म्हणजे सहभागी गाड्या, म्हणतात. पुढे राजधानीतील प्राधिकरणानेही हीच पद्धती स्वीकारली. तेव्हा १९७६ च्या घटनेस राष्ट्रीयीकरण म्हणणे अर्धेच खरे. मार्गांचा अधिकार शासनाकडे गेला. गाड्यांची मालकी मात्र विभागलेलीच राहिली.