पटनमची नावं

हायपर्बली, सिनेक्डकी, झ्यूग्मा. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला अलंकारांची ही नावं लिहिता येईपर्यंत घाम फुटतो. मराठी मुलाला ‘अतिशयोक्ती’ या शब्दातच तिचा अर्थ सापडतो, पण ‘हायपर्बली’ या शब्दातून इंग्रज मुलाच्या हाती काहीच लागत नाही. ही नावं मूळची ग्रीक, लॅटिनच्या बोटाला धरून इंग्लंडात आलेली.

सोळाव्या शतकात तिथल्या ग्रामर स्कूलमध्ये शिक्षण चालायचं ते लॅटिनमधून. मुलं धड्यातले अलंकार हुडकायची आणि तेच आपल्या निबंधात वापरून दाखवायची. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेसाठी विद्वान इरॅस्मसने १५१२ साली ‘डी कोपिया’ हे पुस्तक दिलं. ‘तुमचं पत्र वाचून आनंद झाला’ एवढीच गोष्ट त्याने शंभराहून अधिक तऱ्हांनी सांगून दाखवली आहे! १५७७ मध्ये हेन्री पीचमचं ‘द गार्डन ऑफ एलोक्वेन्स’ आलं, तेही नुसत्या अलंकारांवरचं. भाषा इंग्रजी, नावं मात्र ग्रीक-लॅटिन.

मग १५८९ साली ‘दी आर्ट ऑफ इंग्लिश पोएसी’ निघालं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं, पण ते जॉर्ज पटनमचं मानलं जातं. छापणारा रिचर्ड फील्ड हा स्ट्रॅटफर्डचा. त्याच्याच गावच्या शेक्सपिअरचं ‘व्हीनस अँड अडोनिस’ पुढे १५९३ मध्ये त्यानेच छापलं.

पटनमचा वाचक पंडित नव्हता. दरबारी मंडळी आणि घरंदाज स्त्रिया त्याच्या डोळ्यांपुढे होत्या. ग्रीक नावं त्यांच्या कानाला खुपतील, म्हणून त्याने प्रत्येक अलंकाराचं बारसं नव्याने केलं. आयरनी झाली ‘ड्राय मॉक’, म्हणजे कोरडी टिंगल. सारकॅझम झाला ‘बिटर टॉन्ट’, कडवट टोमणा. एकच शब्द लागोपाठ घोकणाऱ्या एपिझ्यूक्सिसला त्याने कोकिळेच्या कुलातल्या कुक्कू पक्ष्याचं नाव दिलं, कारण तोही तेच तेच बोलतो. मेटॉनिमी म्हणजे ‘मिसनेमर’, भलत्याच नावाने हाक मारणारा. आणि हायपर्बली? ‘ओव्हररीचर’, आवाक्याबाहेर हात घालणारा. शिवाय ‘लाउड लायर’, मोठ्याने खोटं बोलणारा. अलंकार म्हणजे जणू दरबारात वावरणारी, खोडी असलेली माणसंच. व्याख्या पाठ न करताही अलंकार ओळखता यावा, यापरतं शिकवणं कोणतं?

तरीही ही नावं रुजली नाहीत. शाळा लॅटिनच्या, शिक्षक लॅटिनचे, आणि युरोपभरचे विद्वान एकमेकांशी बोलायचे ते ग्रीक-लॅटिन संज्ञांमधूनच. १७८३ मध्ये एडिनबरोच्या ह्यू ब्लेअरची वक्तृत्वशास्त्रावरची व्याख्यानं छापून आली, त्यांतही मेटफर, हायपर्बली हीच नावं होती. परीक्षेच्या कागदावर आजही तीच येतात.

‘ओव्हररीचर’ला मात्र साडेतीनशे वर्षांनी पुन्हा दिवस आले. अमेरिकन समीक्षक हॅरी लेव्हिनने १९५२ मध्ये नाटककार क्रिस्टफर मार्लोवर ग्रंथ लिहिला. टॅम्बरलेन, फॉस्टस हे मार्लोचे नायक बोलतात अतिशयोक्तीत आणि जगतातही आवाक्याबाहेर हात घालत. लेव्हिनने ग्रंथाचं नाव ठेवलं ‘दी ओव्हररीचर’.